मूळ संख्यांमधील अंतरे

१ पेक्षा मोठ्या ज्या पूर्णांकास १ व तो स्वतः यांखेरीज दुसऱ्या धन पूर्णांकाने निःशेष भाग जात नाही, त्यास मूळ (अविभाज्य) संख्या म्हणतात. लागोपाठच्या दोन मूळ संख्यांची वजाबाकी म्हणजे त्यांमधील अंतर होय. २ व ३ यांमधील १ हे अंतर वगळल्यास सर्व अंतरे सम असतात. संख्या वाढतात तशी मूळ संख्यांची दाटी कमी होते व सरासरी अंतर संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमाच्या प्रमाणात वाढते. दहा लाखांच्या आसपास ते सु. १४ असते, तथापि ४,९२,११३ नंतरची मूळ संख्या एकदम ४,९२,२२७ ही येते.

दहा लाखांपर्यंत २ हे अंतर ८,१६९ वेळा, तर ६ हे १३,५४९ वेळा आढळते. ३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पटीहून १ ने कमी वा अधिक असते. २ हे अंतर केवळ पहिल्या प्रकारच्या संख्येनंतर व ४ हे केवळ दुसऱ्या प्रकारच्या संख्येनंतर येऊ शकते. ६ ला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या असतात. फार पुढे ३० हे अंतर ६ ला मागे टाकील असा अंदाज आहे. तो सिद्ध झालेला नाही.

अंतर किती मोठे असू शकेल, हा प्रश्न अधिक बिकट आहे. क्ष पासून क्ष च्या वर्गमूळाएवढ्या टप्प्यात मूळ संख्या असावीच असे वाटते; परंतु रीमान गृहीतक मान्य करूनही हे सिद्ध होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. रामचंद्र (१९३३–२०११) यांनी प्रश्नास वेगळे वळण दिले. क्ष पुरेसा मोठा असल्यास त्या टप्प्यात, क्ष च्या १५/२६ घाताहून मोठा मूळ अवयव असलेली संख्या असतेच, असे त्यांनी १९६९ मध्ये दाखविले व पुढील वर्षी हा घातांक ५/८ पर्यंत नेला. घातांक १ झाल्यास ती संख्या स्वतःच मूळ ठरेल. बेकर, हारमन व पिंट्झ यांच्या २००१ मधील निष्कर्षानुसार पुरेशा मोठ्या क्ष नंतरचे अंतर क्ष च्या ०·५२५ घाताहून अधिक नसते. वर्गमूळासाठी ०·५ हवा.

लहान अंतरांबाबत १९१३ नव्हे, तर थेट २०१३ साली मोठी प्रगती झाली. ७ कोटींहून कमी अंतराच्या जोड्या अनंत आहेत, असे यितांग झांग यांनी त्या वर्षी सिद्ध केले. २०१४ पर्यंत ही मर्यादा २४६ वर आली. ती २ पर्यंत आणता आल्यास जुळ्या मूळ संख्या अनंत आहेत, हे सिद्ध होईल.