करार मोडला कोणी? सू लोकांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, ते बहुतेक वेळा सू लोकांचेच असते. पिसांचा लांब मुकुट, भरधाव घोडा, कातड्याचा उंच तंबू, बायसनची शिकार हे सगळे हॉलिवूडने मैदानी सू जमातींकडून उचलले आणि ‘रेड इंडियन’ या एका नावाखाली शेकडो निरनिराळ्या जमातींना चिकटवले. हेच चित्र चित्रपटांतून आणि कॉमिक्समधून आपल्यापर्यंत आले. त्याने झाकून टाकलेली गोष्ट मात्र फार मोलाची आहे. सू राष्ट्राने अमेरिकेच्या सरकारशी लेखी करार केले होते, ते सरकारने मोडले, आणि ते पाळले जावेत म्हणून सू लोक दीडशे वर्षे झगडत आहेत. त्यांच्याविषयीचा जवळजवळ प्रत्येक गैरसमज या करारांच्या विस्मरणातून जन्मलेला आहे.

गैरसमज १ : सू ही घोड्यांवरून भटकणारी एक जमात होती.

वस्तुस्थिती : सू हे सात गटांचे मिळून झालेले राष्ट्र आहे. त्यांचे स्वतःचे नाव ‘ओचेती शाकोविन’, म्हणजे सभेचे सात अग्नी. पूर्वेकडचे डकोटा गट मिनेसोटातल्या तळ्यांच्या आणि जंगलांच्या मुलखात राहत. होड्यांतून फिरून ते तळ्यांतला रानतांदूळ गोळा करत, मॅपलच्या रसापासून साखर करत, मका पिकवत. पश्चिमेकडे सरकलेले लाकोटा गट मैदानावर स्थिरावले आणि त्यांचे जीवन बायसनभोवती गुंफले गेले. घोडा अमेरिकेत आणला स्पॅनिश लोकांनी; लाकोटांकडे तो अठराव्या शतकात आला आणि काही पिढ्यांतच ते निष्णात घोडेस्वार झाले. पिसांचा मुकुटही कोणीही घालावा अशी शोभेची वस्तू नव्हती. त्यातले गरुडाचे प्रत्येक पीस पराक्रमाने किंवा समाजाच्या सेवेने मिळवावे लागे.

गैरसमज २ : सू युद्धात हरले, म्हणून त्यांची जमीन गेली.

वस्तुस्थिती : ज्या कराराभोवती आजचा लढा उभा आहे, तो सू लोकांच्या पराभवातून झालेला नाही. माँटानातल्या सोन्याच्या खाणींकडे जाणारी वाट लाकोटांच्या शिकारीच्या प्रदेशातून जात होती आणि लष्कराने तिच्यावर किल्ले बांधले. रेड क्लाउड या नेत्याच्या नेतृत्वाखाली लाकोटा आणि त्यांचे मित्र १८६६ ते १८६८ अशी दोन वर्षे लढले. शेवटी सरकारने माघार घेऊन किल्ले रिकामे केले. किल्ले रिकामे झाल्यावरच रेड क्लाउडने फोर्ट लॅरमीच्या करारावर सही केली.

१८६८ च्या त्या करारानुसार आजच्या साउथ डकोटा राज्याचा मिसूरी नदीच्या पश्चिमेकडचा सगळा भाग सू लोकांच्या निर्वेध वापरासाठी राखून ठेवण्यात आला. ज्यांना ते ‘पहा सापा’ म्हणतात आणि पवित्र मानतात, त्या ब्लॅक हिल्सच्या डोंगररांगा त्यातच होत्या. यातली कोणतीही जमीन पुढे सोडायची झाली, तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, असे कराराचे बारावे कलम सांगते.

१८७४ मध्ये लष्करी अधिकारी जॉर्ज कस्टर सुमारे हजार जणांची मोहीम घेऊन ब्लॅक हिल्समध्ये गेला आणि तिथे सोने असल्याची बातमी बाहेर आली. खाणकामगारांचे लोंढे घुसले. त्यांना अडवणे ही करारानुसार सरकारची जबाबदारी होती. सरकारने ती गुपचूप सोडून दिली. शिकारीच्या प्रदेशात राहणाऱ्या लाकोटांनी ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सरकारी ठाण्यांवर हजर व्हावे, असा हुकूम ऐन हिवाळ्यात निघाला. जे आले नाहीत त्यांच्यावर लष्कर धाडण्यात आले. याच युद्धात जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. ती सू लोकांची चढाई असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या दिवशी हल्ला झाला तो बायकामुलांनी भरलेल्या त्यांच्या छावणीवर.

त्यानंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवले, की ब्लॅक हिल्स सोडल्याशिवाय सू लोकांना धान्य द्यायचे नाही. बायसनची बेसुमार कत्तल सुरू होती आणि पोट सरकारी शिध्यावर अवलंबून होते. इतका दबाव असूनही जेमतेम दहा टक्के पुरुषांनी सह्या केल्या. तरीही २८ फेब्रुवारी १८७७ च्या कायद्याने ब्लॅक हिल्स काढून घेतल्या गेल्या. ही जमीन रणांगणावर गेली नाही. ती उपासमारीच्या धाकाने आणि करार पायदळी तुडवून गेली. १८८९ मध्ये उरलेल्या प्रदेशाचेही तुकडे पाडून सुमारे ९० लाख एकर जमीन बाहेरच्यांसाठी खुली करण्यात आली.

गैरसमज ३ : वूंडेड नी ही ‘शेवटची लढाई’ होती.

वस्तुस्थिती : ते हत्याकांड होते. १८९० पर्यंत उपाशी आणि पिचलेल्या लाकोटांमध्ये ‘घोस्ट डान्स’ हा प्रार्थनेचा नाच पसरला होता. मृत पूर्वज आणि बायसनचे कळप परत येतील, ही त्यामागची श्रद्धा. सरकारी अधिकाऱ्यांनी तिला बंडाची तयारी ठरवले. १५ डिसेंबरला लाकोटा नेता सिटिंग बुल याला पकडायला आलेल्या पोलिसांनी त्याला ठार केले. भयभीत झालेली स्पॉटेड एल्क या नेत्याची टोळी पाइन रिज या राखीव प्रदेशाकडे निघाली. तो स्वतः न्यूमोनियाने आजारी होता. लष्कराने त्यांना वाटेत गाठून वूंडेड नी ओढ्याजवळ आणले. २९ डिसेंबरच्या सकाळी शस्त्रे काढून घेतली जात असताना गोळी सुटली, आणि भोवतालच्या टेकाडावरून तोफांचा मारा सुरू झाला. अडीचशे ते तीनशे माणसे मारली गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका आणि मुले होती. जखमींवर उपचार करणाऱ्यांत डॉ. चार्ल्स ईस्टमन होते. ते स्वतः डकोटा.

या कामगिरीसाठी सुमारे वीस सैनिकांना अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक देण्यात आले. १९९० मध्ये काँग्रेसने ‘तीव्र खेद’ व्यक्त केला, पण पदके परत घेतली नाहीत. मृतांचे वंशज ती रद्द करण्याची मागणी करत आले आहेत. २०२५ मध्ये संरक्षणखात्याच्या प्रमुखांनी पदके कायम राहतील असे जाहीर केले.

गैरसमज ४ : लिंकनच्या काळात तरी त्यांना न्याय मिळाला.

वस्तुस्थिती : १८६२ मध्ये मिनेसोटातल्या डकोटांना त्यांच्या जमिनीच्या मोबदल्यातली वार्षिक रक्कम वेळेवर मिळाली नाही आणि उधारीवर धान्यही मिळेना. भुकेतून युद्ध पेटले आणि त्यात शेकडो वसाहतवाले मारले गेले. नंतर लष्करी आयोगाने बचावासाठी वकील न देता, काही खटले तर मिनिटांत उरकून, ३०३ जणांना फाशी सुनावली. अध्यक्ष लिंकनने कागद तपासून बहुतेकांची फाशी रोखली, हे खरे. तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो इथे ३८ डकोटांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी आहे. पुढच्याच वर्षी डकोटांना मिनेसोटातून हद्दपार केले गेले. काही दशकांनी ब्लॅक हिल्समधला एक पवित्र डोंगर कोरून माउंट रशमोरचे शिल्प उभारण्यात आले. त्यातल्या चार चेहऱ्यांपैकी एक लिंकनचा आहे.

गैरसमज ५ : भरपाई मंजूर झाली आहे, मग प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : सू लोकांनी ब्लॅक हिल्ससाठी १९२३ मध्ये दावा दाखल केला. तब्बल ५७ वर्षांनी, १९८० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की ही जमीन योग्य मोबदला न देता घेतली गेली. १८७७ चे मूल्य १ कोटी ७१ लाख डॉलर धरून व्याजासह दहा कोटींहून अधिक डॉलर मंजूर झाले. सू जमातींनी ते घेतले नाहीत. आज ती रक्कम व्याजाने एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे आणि सरकारी खात्यात तशीच पडून आहे.

हे पैसे नाकारणारे देशातल्या सर्वांत गरीब लोकांपैकी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या नकाराचे वजन कळते. पैसे स्वीकारले तर विक्री मान्य केल्यासारखे होईल, आणि ब्लॅक हिल्स आम्ही कधी विकल्याच नाहीत, ही त्यांची भूमिका आहे. त्याच डोंगरांतल्या एकट्या होमस्टेक खाणीने २००२ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे चार कोटी औंस सोने दिले.

सू लोकांना तिथे राहणाऱ्या सगळ्यांना हुसकावून लावायचे आहे, ही भीतीही निराधार आहे. १९८५ मध्ये सिनेटर बिल ब्रॅडली यांनी आणलेल्या विधेयकात खासगी घरे आणि शेते वगळून फक्त केंद्र सरकारच्या ताब्यातली जमीन परत देण्याची तरतूद होती. ते विधेयक मंजूर झाले नाही.

गैरसमज ६ : राखीव प्रदेश सरकारने दिले आणि तिथले लोक सरकारी मदतीवर आणि कॅसिनोंच्या पैशांवर आरामात जगतात.

वस्तुस्थिती : राखीव प्रदेश ही देणगी नव्हे. अफाट मुलूख सोडताना सू लोकांनी स्वतःसाठी ठेवलेली ती जमीन आहे. त्या मुलखाच्या मोबदल्यात सरकारने काय द्यायचे, तेही करारात लिहिले आहे. १८६८ च्या करारात डॉक्टर, शिक्षक, सुतार आणि लोहार पुरवण्याचे वचन आहे. रोझबड या सू राखीव प्रदेशातल्या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग २०१५ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथल्या जमातीने याच वचनाच्या आधारे दावा लावला. २०२१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने मान्य केले, की सक्षम वैद्यकीय सेवा देणे हे सरकारचे कराराने आलेले कर्तव्य आहे.

आरामाची कल्पना तर वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे. १८८७ च्या कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनी माणशी वाटून ‘जास्तीची’ जमीन बाहेरच्यांना दिली गेली. १९३४ पर्यंत देशभरातल्या मूळ जमातींची १३.८ कोटी एकर जमीन ४.८ कोटींवर आली. शहरांपासून दूर असलेल्या पाइन रिजसारख्या प्रदेशात कॅसिनोचे उत्पन्न तुटपुंजे असते. पाइन रिजमध्ये येणाऱ्या ओग्लाला लाकोटा काउंटीत २०१४ मध्ये सरासरी आयुर्मान ६६.८ वर्षे होते. अमेरिकेतल्या सर्व काउंट्यांत ते सर्वांत कमी ठरले.

गैरसमज ७ : स्टँडिंग रॉकचे आंदोलन हे निव्वळ पर्यावरणाचे आंदोलन होते.

वस्तुस्थिती : २०१६ मध्ये स्टँडिंग रॉक या सू राखीव प्रदेशाजवळ हजारो लोक तळ ठोकून बसले, ते डकोटा ॲक्सेस या तेलवाहिनीच्या विरोधात. सुमारे १,९०० किलोमीटर लांबीची ही वाहिनी राखीव प्रदेशाला लागूनच, ओआहे जलाशयाच्या तळाखालून जाते. स्टँडिंग रॉकचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते. आधी विचारात असलेला मार्ग बिस्मार्क शहराच्या वरच्या अंगाने जाणार होता. तो सोडून देण्याच्या कारणांत शहराच्या पाणीपुरवठ्याचा धोका हेही होते. शहराच्या पाण्याला जो धोका नको होता, तो जमातीच्या वाट्याला आला.

जलाशयाचा इतिहासही अन्यायाचाच आहे. ओआहे धरणासाठी स्टँडिंग रॉकची सुमारे ५६ हजार एकर आणि शेजारच्या शायेन रिव्हरची एक लाखाहून अधिक एकर जमीन बुडाली. नदीकाठची सुपीक शेते, झाडी आणि वस्त्या त्यात गेल्या. आंदोलनातल्या ‘म्नी विचोनी’, पाणी म्हणजे जीवन, या घोषणेमागे ही आठवण आणि करारातले हक्क होते. तेल जून २०१७ पासून वाहू लागले. २०२० मध्ये न्यायालयाने पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अभ्यास न करता परवानगी दिल्याचा ठपका सरकारी यंत्रणेवर ठेवला, पण वाहिनी बंद झाली नाही.

गैरसमज ८ : सू आता इतिहासजमा झाले आहेत.

वस्तुस्थिती : २०१० च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७० हजार लोकांनी स्वतःची नोंद सू अशी केली. त्यांच्या जमातींची निवडून आलेली सरकारे, न्यायालये आणि पोलीस आहेत. ओग्लाला लाकोटा कॉलेज आणि सिंते ग्लेश्का विद्यापीठ पाच दशकांहून अधिक काळ चालू आहेत. लाकोटा अस्खलित बोलणारे आता मुख्यतः वृद्ध आहेत, म्हणून लहान मुलांना सगळे शिक्षण त्या भाषेतून देणाऱ्या शाळा सुरू झाल्या आहेत.

ही भाषा आपोआप मागे पडली नाही. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली आणि पहिल्या तुकडीतच रोझबड आणि पाइन रिजची मुले तिथे नेण्यात आली. त्यांचे केस कापले, नावे बदलली, मातृभाषा बोलण्यास बंदी घातली. कित्येक मुले तिथेच दगावली. २०२१ मध्ये रोझबडच्या तरुणांच्या पुढाकाराने नऊ मुलांचे अवशेष घरी आणून सन्मानाने पुरण्यात आले. २०१२ मध्ये सू जमातींनी एकत्र येऊन ब्लॅक हिल्समधले ‘पे श्ला’ हे पवित्र कुरण ९० लाख डॉलरना विकत घेतले, तर २०२२ मध्ये दोन जमातींनी वूंडेड नी इथली ४० एकर जमीन. जी भूमी आपलीच असल्याचे ते मानतात, ती मिळवायला त्यांना पदरचे पैसे मोजावे लागले.

अमेरिकेच्या राज्यघटनेने करारांना देशाच्या सर्वोच्च कायद्याचा दर्जा दिला आहे. म्हणून सू लोकांची मागणी दयेची किंवा सवलतीची नाही. स्वतःच्या सहीला आणि स्वतःच्या घटनेला सरकारने जागावे, एवढीच ती आहे. अमेरिकेत राहणारी किंवा फिरायला जाणारी अनेक मराठी कुटुंबे माउंट रशमोर पाहायला जातात. त्यांनी तिथून वूंडेड नीच्या दफनभूमीपर्यंतही जावे आणि पाइन रिजच्या लोकांकडून त्यांचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकावा. मुलांना या डोंगरांची गोष्ट सांगताना सोन्याआधी १८६८ चा करार सांगावा.