लोगेनचं काय करायचं?

दिवाळीच्या सुटीत लेक घरी आली, की फराळाच्या डब्यांशेजारी तिचा लॅपटॉपही जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकतो. यंदा एका रात्री तिनं हाक मारली, "बाबा, तुम्ही तीस वर्षं कोर्टात काढलीत ना? मग या माणसाचं काय करायचं ते सांगा."

कोर्टात काढली हे खरं, पण खुर्चीवर नव्हे, खुर्चीच्या खाली. मी बेंच क्लार्क होतो. पुकारा झाला की कागद पुढे सरकवायचे आणि रोजनामा लिहायचा. निकाल साहेबांचा. माझं मत कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळेच की काय, मी चष्मा पुसून मुकाट्यानं तिच्या शेजारी जाऊन बसलो.

खेळाचं नाव 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं तो २००९ साली बाजारात आणला. म्हणजे तसा जुनाच. ही कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या रात्रीही तो खेळायची, हे मला आत्ता कळलं. असो.

फेरेल्डन नावाचं एक काल्पनिक राज्य आहे. त्यावर जमिनीखालून राक्षसांच्या टोळ्या चालून येतात. राजा केलन तरुण, उतावळा, सोनेरी चिलखत घालून आघाडीवर लढायची हौस असलेला. त्याचा सेनापती आणि सासरा म्हणजे लोगेन. ऑस्टागारच्या लढाईत बेत असा ठरतो, की राजानं शत्रूला अंगावर ओढून घ्यायचं आणि मनोऱ्यावर जाळ दिसताच लोगेननं बाजूनं तुटून पडायचं. जाळ पेटतो. लोगेन तो पाहतो आणि फौजेला माघारी फिरवतो. राजा मरतो, त्याच्याबरोबर ग्रे वॉर्डन हे राक्षसांशी लढणारे व्रतस्थ योद्धेही मरतात. लोगेन राजधानीत येऊन कारभार हाती घेतो आणि दोष मेलेल्या वॉर्डनांवर ढकलतो. त्यातून वाचलेल्या दोघांपैकी एक ॲलिस्टर आणि दुसरे खेळणारे आपण.

पुढे सरदारांच्या सभेत त्याच्यावर आरोप ठेवले जातात, द्वंद्व होतं, तो हरतो. आणि मग खेळ थांबून आपल्याला विचारतो, याला मारायचं की ठेवायचं?

"मारायचं," मी म्हणालो. "राजाला रणात सोडून आला."

"जाळ उशिरा पेटला होता, बाबा. मीच पेटवला होता. मनोऱ्यात आधीच राक्षस घुसले होते. शिवाय शत्रू इतका होता, की हा तुटून पडला असता तरी सगळे मेलेच असते कशावरून नाही?"

मी गप्प झालो. आमच्या लहानपणी घरात एक वाद कधीच मिटत नसे. १७६१ च्या जानेवारीत मल्हारराव होळकर पानिपताहून फौज घेऊन निघाले, ते चुकलं की उरलेली फौज वाचवली? आजोबा एका बाजूला, काका दुसऱ्या. मल्हाररावांना लोगेनच्या पंक्तीला बसवायचा माझा मुळीच विचार नाही. पण हरलेल्या रणातून निघालेल्या माणसाचा न्याय घरी पाटावर बसून करणं किती अवघड, हे मी तेव्हापासून पाहत आलोय.

लोगेनची बाजूही पोकळ नाही. तो शेतकऱ्याचा पोर. शेजारच्या ऑर्ले साम्राज्यानं फेरेल्डन गिळलेलं असताना राजपुत्र मॅरिकच्या खांद्याला खांदा लावून लढला आणि देश सोडवला. केलन त्याच ऑर्लेची मदत घ्यायला तयार होता. ज्यांना हाकलायला आयुष्य वेचलं, त्यांनाच जावई दार उघडून देतोय, हे त्याला सोसवलं नाही. मला ते समजलं. संशयाचा फायदा द्यावा, इथवर मी आलो होतो.

मग लेकीनं दुसरी फाइल उघडली. राजधानी डेनेरिममध्ये एल्फ लोकांची भिंतीआडची, दरिद्री वस्ती आहे. तिथं साथ आल्याचं निमित्त करून उपचाराच्या नावाखाली माणसं नेली जातात आणि टेव्हिंटरच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकली जातात. पैसा लोगेनच्या फौजेला. तसा कागदच हाती लागतो. इथं खेळ लिहिणाऱ्यांनी एक खोडी करून ठेवली आहे. हरत आलेला व्यापारी आपल्यालाच सौदा देऊ करतो, की उरलेल्या कैद्यांचे प्राण खर्ची घालून तुमची ताकद वाढवून देतो. "मी घेतला नाही हं," लेक घाईनं म्हणाली.

इथं मात्र मला शंका उरली नाही. रणात गोंधळ असतो, धूर असतो, क्षणात ठरवायचं असतं. वस्ती विकायला दिवस लागतात. शाई लागते. आणि गंमत पाहा, ॲलिस्टर रागानं थरथरतो तो ऑस्टागारवरून, तिथं मेलेल्या गुरूवरून. ते स्वाभाविकच आहे. पण एल्फांसाठी तसं तळमळणारं सभेत कुणी नसतं. कोर्टात मी हे रोज पाहिलं. ज्याचे नातेवाईक बाकावर बसलेले असतात, त्याच्या तारखेला वजन असतं. कच्च्या कैद्यांची नावं पुकारली, तर कित्येकदा दारातला शिपाईसुद्धा मान वर करत नसे.

लेकीचं म्हणणं वेगळंच होतं. "मेला की सुटला. त्यापेक्षा वॉर्डन करा." तशी सोय आहे. राक्षसांचं रक्त प्यायचं, त्यात काही जण तिथंच मरतात. जगला तर त्यानं आपल्या हाताखाली लढायचं, आणि शेवटच्या राक्षसाला मारणारा वॉर्डन स्वतःही मरतो, तो घाव त्याला घालू द्यायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ॲलिस्टर हे ऐकून उठून चालता होतो. ज्या व्रतापायी त्याची माणसं मेली, ते व्रत शिक्षा म्हणून वाटायचं? मला त्याचं पटलं.

"तुम्ही ठरवा," म्हणत तिनं माऊस माझ्या हातात दिला.

लोगेनची मुलगी अनोरा, मेलेल्या राजाची राणी, तिथंच उभी होती. बापासाठी गयावया करत होती, आणि तो तिच्या लहानपणाविषयी काहीतरी बोलून तिला समजावत होता. शेजारी माझी लेक चकली खात होती. मी मृत्युदंडावर बोट ठेवलं. कोणत्या आरोपासाठी, हे लिहायला जागा नव्हती.

ते झाल्यावर बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मग मी विचारलं, "त्या वस्तीतले जे आधीच जहाजावर गेले असतील, त्यांचं काय?"

"कोठडीत सापडले तेवढे सोडवले, बाबा. बाकीच्यांचं मी कधी पाहिलंच नाही," ती म्हणाली, आणि लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला.