चेहरा तरुण करणारं ऑपरेशन: काय खरं, काय नाही



टीव्हीवरच्या नट्या साठीतही तरुण दिसतात. त्या चेहरा ताणून घेतात म्हणे, हे खरं का? आज त्याबद्दलच बोलू या.

असं ऑपरेशन असतं. त्याला फेसलिफ्ट म्हणतात. कानाच्या पुढेमागे चिरा देऊन कातडी सैल करतात, आतला थर ताणतात, जास्तीची कातडी कापून टाके घालतात. सूज उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. वय मात्र थांबत नाही. काही वर्षांनी कातडी पुन्हा सैल पडते. धोकेही आहेत: कातडीखाली रक्त साचणं, जखम चिघळणं, क्वचित नस दुखावून तोंड वाकडं होणं. तंबाखू-मिश्री लावणाऱ्या बायकांची जखम तर लवकर भरत नाही.

हे काम प्लास्टिक सर्जरी शिकलेल्या डॉक्टरांचं. पार्लरमध्ये कोणी सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन देऊ लागलं, तर सरळ नाही म्हणा.

प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक बसवत नाहीत. ‘घडवणं’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आलं. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे, आणि ती होती मोडलेलं नीट करण्यासाठी. टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं होतं. १७९३च्या सुमारास पुण्याकडच्या एका वैद्याने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवं नाक घडवलं. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडचे डॉक्टर ती रीत शिकले.

आपल्या कामाची गोष्ट हीच आहे. चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या कितीतरी बायांची कातडी आकसते. मान वळत नाही, हात वर होत नाही. लाजेने त्या घरातच बसतात. सुरकुत्या घालवायचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नाही. पण भाजून आखडलेला अवयव मोकळा करण्याचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं. जखम जुनी असली तरी डॉक्टरांना दाखवावं. बाळाचा दुभंगलेला ओठही ऑपरेशनने नीट होतो.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. तिथे योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. आपल्या गल्लीत अशी कोणी बहीण असेल, तर गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जावं. एकटीचा पाय उचलत नाही.