दुरुस्ती वेगळी, सुधारणा वेगळी

ब्लॉगसेवेला सूचना पाठवताना दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. असलेली सोय बिघडली, तर ती दोषाची तक्रार (बग रिपोर्ट). नसलेली सोय हवी असेल, तर ती सुविधेची मागणी (फीचर रिक्वेस्ट). सोसायटीची लिफ्ट अडकणं आणि इमारतीला लिफ्टच नसणं, यांत जो फरक, तोच इथे.

उदाहरणार्थ, मराठी आणि हिंदी वळणाच्या ‘ल’ला युनिकोडमध्ये संकेतांक एकच. दोन्ही वळणं असलेला फॉन्ट पानावरची भाषेची खूण (लँग्वेज टॅग) पाहून वळण निवडतो. म्हणून हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला, की तो बिघाडच असतो असं नाही. सेवेत लेखाची भाषा निवडण्याची सोयच नसेल, तर ‘ल चुकतोय’ म्हणण्याऐवजी ‘लेखाची भाषा मराठी निवडता यावी’ असं लिहावं. सोबत अडचण दाखवणारं एक चित्र जोडावं.