आतड्यातील जिवाणू आणि मेदयुक्त यकृत

लठ्ठ व्यक्तींच्या यकृतात साठणारी चरबी आणि त्यांच्या आतड्यात वसणारे जिवाणू यांच्यात परस्परसंबंध असल्याचे एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब आढळल्यास त्या अवस्थेस मेदयुक्त यकृत म्हणतात. बोलीत ‘फॅटी लिव्हर’ हाच शब्द रूढ आहे. बहुतेकांना या अवस्थेचा काहीच त्रास जाणवत नाही. काहींच्या बाबतीत मात्र पुढे यकृताला सूज येते, त्यात तंतू वाढतात आणि शेवटी यकृत आक्रसून कठीण होते. या अंतिम अवस्थेला सिरोसिस म्हणतात.

यकृताचा आजार म्हणजे मद्यपानाचा परिणाम, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. त्यामुळे कधीही मद्याला न शिवलेल्या माळकरी माणसाच्या तपासणीत यकृत बिघडल्याचे निघाले, तर आजाराइतकाच संशयाचाही त्रास त्याला सोसावा लागतो. या विकाराचे पूर्वीचे नावही ‘मद्येतर’ असे, म्हणजे मद्याच्या संदर्भानेच दिलेले होते. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते बदलून चयापचयातील बिघाडाशी जोडलेले नवे नाव स्वीकारले.

आतडे व यकृत यांचा मार्ग

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते आणि ही शीर मुख्यतः आतड्यातूनच रक्त आणते. पचलेल्या अन्नाबरोबर जिवाणूंनी तयार केलेले पदार्थही त्यामुळे सर्वप्रथम यकृतातच पोहोचतात. आतड्याचे अस्तर निकोप असेपर्यंत नको ते पदार्थ बऱ्याच अंशी अडवले जातात. अस्तर सैल झाले, की काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा दाहकारक पदार्थ रक्तात झिरपतो. स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात या पदार्थाचे प्रमाण वाढते आणि तो अल्प मात्रेत सतत टोचत राहिल्यास त्यांचे वजन व यकृतातील चरबी वाढते, असे पॅट्रिस कॅनी यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवले.

याखेरीज इतरही मार्ग आहेत. यकृतातून चरबी बाहेर वाहून नेण्यासाठी कोलीन हे पोषक द्रव्य लागते. काही जिवाणू अन्नातील कोलीनचे विघटन करतात आणि यकृताच्या वाट्याला ते कमी येते. उलट, धान्य व डाळींतील न पचलेले तंतू आंबवून काही जिवाणू ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते प्रमुख इंधन आहे. म्हणजे जिवाणू उपकारक की अपकारक, हा प्रश्न त्यांना कोणते अन्न मिळते यापासून वेगळा काढता येत नाही.

चीनमधील संशोधकांनी 2019 मध्ये नोंदवलेले उदाहरण तर वरील सामाजिक समजालाच छेद देणारे आहे. मद्य न पिताही रक्तात मद्यार्क आढळणाऱ्या एका रुग्णाच्या आतड्यात क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूचे मद्यार्क तयार करणारे प्रकार सापडले. त्या रुग्णाला यकृताचा गंभीर दाह होता. संशोधकांनी तपासलेल्या मेदयुक्त यकृताच्या रुग्णांपैकी सुमारे 60 टक्के जणांत असे प्रकार होते आणि ते दिलेल्या उंदरांनाही मेदयुक्त यकृत झाले. मात्र ही टक्केवारी त्या एका रुग्णगटाची आहे. ती महाराष्ट्रातील रुग्णांना जशीच्या तशी लावता येत नाही.

उंदरांवरील प्रयोग

या विषयाचा पाया अमेरिकेतील जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत घातला गेला. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जिवाणू दिल्यावर दोन आठवड्यांत त्यांच्या शरीरातील चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली, तीही आधीपेक्षा कमी खाऊन. यकृतातील चरबीही वाढली. हे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे फ्रान्समधील एका प्रयोगात एकच स्निग्ध आहार घेणाऱ्या उंदरांपैकी काहींना मेदयुक्त यकृत झाले, काहींना झाले नाही. दोन्हींचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले असता रोगी उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांचे यकृत चरबीने भरले. जिवाणू हे केवळ रोगाची खूण नसून कारणही असू शकतात, यासाठी हा प्रयोग महत्त्वाचा पुरावा ठरतो. अर्थात तो पुरावा उंदरांपुरता आहे.

लोणार ते मानवी आतडे

आतड्यातील बरेच जिवाणू प्राणवायूत जगत नाहीत, म्हणून ते प्रयोगशाळेत वाढवणे कठीण असते. त्यामुळे नमुन्यातील जनुके थेट वाचून त्यांची ओळख पटवावी लागते. या पद्धतीचा बुलढाणा जिल्ह्याशी संबंध आहे. लोणारच्या खाऱ्या व अल्कधर्मी सरोवरातील जिवाणूंचे वैविध्य पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतील योगेश शौचे व सहकाऱ्यांनी याच रीतीने अभ्यासले आणि 2006 मध्ये प्रसिद्ध केले. शौचे यांच्याच गटाने 2012 मध्ये भारतीय लठ्ठ व्यक्तींच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास मांडला. पाश्चात्त्य अभ्यासांत लठ्ठपणाबरोबर फर्मिक्युटिस संघातील जिवाणू वाढतात, असे सांगितले जात होते. पुण्याच्या अभ्यासात प्रमुख संघांच्या प्रमाणात तसा स्पष्ट कल दिसला नाही. उलट बॅक्टेरॉइडिस ही प्रजाती लठ्ठ व्यक्तींत ठळक होती. अभ्यास लहान होता, तरी परदेशातील ठोकताळा येथे चालेलच असे नाही, हे त्याने दाखवले. 2014 मध्ये पुण्यातील संशोधकांनी मानवी विष्ठेतून वेगळ्या केलेल्या एका नव्या जिवाणूला मेगास्फेरा इंडिका हे नाव दिले.

भारतीयांच्या बाबतीत ‘लठ्ठ’ या शब्दाचाच अर्थ तपासावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये आपले छायाचित्र ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3 असा एकसारखा होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी 25 पासूनच लठ्ठपणा मानण्याची शिफारस आहे आणि काटकुळ्या दिसणाऱ्या माणसाचे यकृतही मेदयुक्त असू शकते.

आहार व उपचार

चिखली तालुक्यातील उंद्रीच्या परिसरात, पश्चिम विदर्भातील अन्य गावांप्रमाणे, ज्वारीची भाकरी आणि तूर, मूग, उडीद या डाळी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार आहे. तंतुमय पदार्थांच्या दृष्टीने तो मैद्याच्या पदार्थांहून निश्चित सरस आहे. शिजवून थंड केलेल्या धान्यातील काही स्टार्च पचनास प्रतिकार करतो आणि थेट मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोहोचतो. चीनमध्ये 200 रुग्णांवर झालेल्या व 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मक्यापासून काढलेला असा स्टार्च चार महिने दिल्यावर यकृतातील चरबी घटली. यावरून शिळी भाकरी हे यकृताचे औषध आहे असे सांगणे मात्र अतिरेकी होय. चाचणीत रोज 40 ग्रॅम स्टार्च मोजून दिला जात होता.

जिवाणूयुक्त गोळ्या व पुड्यांविषयीचे दावे याहून अधिक सावधपणे पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये 104 रुग्णांना वर्षभर जिवाणू व त्यांचे खाद्य यांचे मिश्रण किंवा निष्क्रिय पूड देण्यात आली. 2020 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणू बदलले, परंतु यकृतातील चरबी कमी झाली नाही. उंदरांत जे घडले ते माणसांत घडले नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

वजनातील घट हा उपाय मात्र वारंवार सिद्ध झाला आहे. सुमारे 5 टक्के वजन उतरले की यकृतातील चरबी कमी होते आणि 7 ते 10 टक्के उतरल्यास दाहही ओसरू लागतो. भारत सरकारने 2021 मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. यकृताच्या रक्तचाचण्या सामान्य असतानाही यकृतात चरबी असू शकते, म्हणून प्रथम सोनोग्राफी केली जाते आणि मधुमेह असल्यास यकृतातील तंतुवाढीचाही अंदाज घेतला जातो. विष्ठेतील जिवाणूंची तपासणी या निदानाचा भाग नाही.