थरथर, अडखळ आणि उडी

कराडच्या धावपट्टीवर उतरायचे तर शेवटचे मिनिटभर सोडल्यास धावपट्टी विमानाच्या नाकासमोर नसतेच. आधी ती डाव्या खिडकीतून समांतर पळताना दिसते, मग पंखाच्या मागे सरकते, आणि एकेक वळण घेत गेले की पुन्हा पुढे येऊ लागते. खऱ्या वैमानिकाला यासाठी फक्त मान वळवावी लागते. घरच्या सिम्युलेटरमध्ये ही मान जॉयस्टिकवरच्या बटणाने वळते, तीही कवायतीतल्यासारखी: समोर, डावीकडे, मागे. म्हणून हौशी मंडळी हेड ट्रॅकिंग बसवतात. मॉनिटरवरचा कॅमेरा आपल्या डोक्याकडे बघतो, सॉफ्टवेअर त्यावरून सहा आकडे काढते (डोके तीन प्रकारे किती वळले आणि तीन दिशांना किती सरकले) आणि ते गेमला पुरवते. आपण मान पंधरा-वीस अंशच वळवायची, डोळे स्क्रीनवर ठेवायचे. कॉकपिटमधली मान मात्र नव्वद अंश वळते.

वळते, पण पुष्कळदा अडखळत. सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा याच कारणाने फोन आला. “मामा, लॅग मारतंय. मान फिरवली की सगळं अडकतं. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायला लागणार. पप्पांशी तुम्ही बोला की.”

पप्पांशी बोलण्याची वेळ आली नाही. ती का आली नाही, ते सांगतो.

“कार्ड कमी पडतंय”

या विषयातला हा सगळ्यात महागडा गैरसमज. ‘लॅग’ या एका शब्दाच्या पोत्यात आपण तीन वेगळी दुखणी कोंबतो. थरथर म्हणजे डोके स्थिर असतानाही चित्र बारीक हलत राहणे. अडखळ म्हणजे मान वळवताना चित्र पायऱ्या उतरल्यासारखे तुटक सरकणे. आणि उडी म्हणजे सगळे सुरळीत चालू असताना नजर एकदम छताला किंवा पायाशी जाऊन परत येणे. ग्राफिक्स कार्डाचा संबंध यातल्या फक्त अडखळीशी, आणि तोही दर वेळी नाही.

निदानाला दोन-चार मिनिटे पुरतात. हेड ट्रॅकिंग बंद करा, त्याच जागेवरून त्याच उंचीवर उडत राहा आणि नजर माउसने सावकाश फिरवा. चित्र तेव्हाही तुटत असेल तर दोष गेमचा किंवा पीसीचा. माउसने अलगद फिरत असेल तर ट्रॅकिंगचा. मग गेम बंद करून नुसते ट्रॅकिंगचे सॉफ्टवेअर उघडा. ओपनट्रॅक हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. त्यात एक गुलाबी ऑक्टोपस दिसतो. आपण मान हलवू तसा तो डोलतो. गेम बंद असतानाही ऑक्टोपस अडखळत असेल, तर ग्राफिक्स कार्डाने काय घोडे मारले?

भाच्याचा ऑक्टोपस अडखळत होता. कधी अडखळतो, असे विचारले तर म्हणाला, “संध्याकाळी. दिवसा बरं चालतंय.” ग्राफिक्स कार्डाला दिवस-रात्र कळत नाही. वेबकॅमला कळते.

कॉकपिटचा माहोल यावा म्हणून हा पठ्ठ्या खोलीतले दिवे मालवून बसत होता. अंधारात साध्या वेबकॅमचे स्वयंचलित एक्स्पोजर आपला हिशेब बदलते: पुरेसा उजेड गोळा व्हावा म्हणून प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेते. एका चित्राला सेकंदाचा पंधरावा भाग लागला तर सेकंदाला १५च चित्रे निघणार, मग खोक्यावर ३० छापलेले असो की ६०. शिवाय लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये हलता चेहरा फरकटलेला येतो, आणि फरकटलेल्या चेहऱ्यावरून नाक-डोळ्यांची जागा ठरवताना सॉफ्टवेअर चाचपडते. म्हणजे अडखळ आणि थरथर दोन्ही एकदम पदरात.

उपाय काय, तर मॉनिटरच्या बाजूला एक टेबल लॅम्प, उजेड चेहऱ्यावर समोरून पडेल असा. पाठीमागची ट्यूबलाइट उलट घात करते, कारण तिच्यापुढे चेहरा काळा पडतो. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लो लाइट कॉम्पेन्सेशन’वरची खूण काढायची, एक्स्पोजर हाताने ठरवायचे. नवे कार्ड घेतले असते तर पप्पांचे पैसे गेले असते आणि ऑक्टोपस होता तिथेच असता.

“जास्त रिझोल्यूशनचा कॅमेरा घेतला की प्रश्नच नाही”

ट्रॅकआयआर ५ हे या क्षेत्रातले नावाजलेले यंत्र. त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र आहे ६४० बाय ४८० पिक्सेलचे, आजच्या स्वस्तातल्या स्वस्त फोनलाही लाज वाटावी असे. पण तो सेकंदाला १२० चित्रे घेतो. डोके कुठे आहे हे कळायला चित्र देखणे असावे लागत नाही, ते वेळेवर यावे लागते. प्लेस्टेशन ३ साठी निघालेला जुना आय कॅमेरा सिम्युलेटरवाले आजही शोधत फिरतात ते याच कारणासाठी: त्याच ६४० बाय ४८० मध्ये तो सेकंदाला ६० चित्रे देतो.

उलट मोठ्या चित्राचा तोटाच होऊ शकतो. १२८० बाय ७२० चे चित्र न दाबता, सेकंदाला ३० या गतीने पाठवायचे तर सुमारे ४४० मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८०, प्रत्यक्षातली त्याहून बरीच कमी. त्यामुळे त्या मोडमध्ये कॅमेरा गपचूप गती कमी करतो. ६४० बाय ४८० ला तेच काम १५० मेगाबिटच्या आत होते. त्याच यूएसबी हबवर पेनड्राइव्ह, जॉयस्टिक, हेडफोन असा गोतावळा बसवला असेल तर कॅमेऱ्याला आधी वेगळे, थेट पीसीच्या पाठीवरचे पोर्ट द्या.

“इन्फ्रारेडला खोलीतल्या उजेडाशी काय देणेघेणे?”

साताऱ्यात शाहूपुरीत माझे एक निवृत्त स्नेही आहेत. कॅमेऱ्याने चेहऱ्याऐवजी दिव्यांचे ठिपके ओळखावेत म्हणून त्यांनी टोपीवर तीन इन्फ्रारेड एलईडी बसवून स्वतःच क्लिप बनवली. कॅमेऱ्यापुढे रंगीत फिल्मच्या निगेटिव्हचा पूर्ण काळा तुकडा लावला, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश बराचसा अडतो आणि इन्फ्रारेड तेवढा आत येतो. जुगाड अव्वल दर्जाचे. चेहरा ओळखणाऱ्या वेबकॅमला उजेड हवा असतो. यांचा कॅमेरा अंधारात खुशाल चालणार. तरीही रोज दिवेलागणीला त्यांची नजर कॉकपिटमध्ये उड्या मारू लागे. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर सरळ उडताना अचानक विमानाचे छत दिसायचे.

या काकांच्या पाठीमागे देवघर होते. संध्याकाळी समई लागली की तिची ज्योत कॅमेऱ्याला चौथा ठिपका म्हणून दिसे. सॉफ्टवेअर बिचारे तीन ठिपक्यांच्या त्रिकोणावरून डोक्याचा कोन काढते. एलईडी सोडून ज्योत त्रिकोणात धरली की हिशेब कोसळतो. ऊन, ज्योत, जुना पिवळा बल्ब, देवघरातला झिरो, गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळा, सगळ्यांतून इन्फ्रारेड निघतो. घरगुती एलईडी बल्बमधून जवळजवळ नाही. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन तर सगळ्यात वाईट, कारण ते स्टीलच्या पेल्यावरून, तसबिरीच्या काचेवरून, चष्म्याच्या दांडीवरूनही परतते.

खात्री करायची तर पाठीमागे काय काय चमकते ते ट्रॅकिंगच्या प्रीव्ह्यूमध्ये पाहा. आपल्या टोपीवर दिवे पेटताहेत का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसते. टीव्हीच्या रिमोटचा जांभळट ठिपका दिसतो तसेच. सेल उतरत आला की एक एलईडी मंदावतो आणि उड्या सुरू होतात, हेही ध्यानात असू द्या. ठिपक्याचा लहानातला लहान आणि मोठ्यातला मोठा आकार, उजळपणाची मर्यादा, या गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये आवळता येतात. आमच्या काकांकडे तेवढ्याने भागले नाही. समई हलणार नव्हती, हे घरात ठरलेलेच होते. टेबल हलले.

ट्यूबलाइटचे प्रकरण वेगळे, ते साध्या वेबकॅमला भोवते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्याला ते दिसत नाही, ३० चित्रांच्या कॅमेऱ्याला दिसते, आणि चेहऱ्याचा उजेड सतत वरखाली होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ निवडलेले असेल तर ते ५० करा. संपले.

“स्मूदिंग वाढवा, थरथर जाईल”

जाईल, आणि मान म्हशीसारखी जड होईल. थरथरीचे मूळ गुणाकारात असते. खरी मान १५ अंश वळल्यावर गेममधली ९० वळावी असे ठेवले, म्हणजे सहापट. मग मोजमापातली ०.१ अंशाची चूकही सहापट होते. ९० अंशांचे दृश्य १९२० पिक्सेलमध्ये मावत असेल, तर ०.६ अंश म्हणजे सुमारे १२-१३ पिक्सेल. होकायंत्र वाचताना एवढे चित्र थरथरले तर डोके उठणारच.

स्मूदिंग म्हणजे आधीच्या काही मोजमापांची सरासरी घेत राहणे. सरासरीला वेळ लागतो. तो वेळ आपल्याला उशीर म्हणून जाणवतो. त्याऐवजी आधी, खरी मान किती वळल्यावर गेममधली किती वळावी हे ठरवणारा सॉफ्टवेअरमधला वक्र सुधारावा: मध्यभागी सपाट, बाजूला जाताना चढता. समोरचे घड्याळ-काटे बघताना मान हलली तरी चित्र जेमतेम हलावे, आणि पंखामागची धावपट्टी शोधताना भराभर वळावे. अगदी मधोमध थोडी मृत जागा ठेवावी, म्हणजे तिथे मान हलली तरी चित्र हलणार नाही. एवढे करून उरलेल्या थरथरीपुरते स्मूदिंग. बरेच जण हे उलट्या क्रमाने करतात आणि मग सॉफ्टवेअरला नावे ठेवतात.

“मला चाळीस फ्रेम मिळतात, म्हणजे गेम ठीक आहे”

माउसच्या चाचणीतही चित्र तुटले त्यांच्यासाठी हा भाग. सरासरी हा आकडा फसवा. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. व्ही-सिंक (मॉनिटरच्या ठोक्यालाच चित्र बदलण्याची सोय) चालू असताना गेम सेकंदाला ४० चित्रे देत असेल, तर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, पुढचे ३३.३, पुन्हा १६.७. सरळ समोर बघत उडताना हे लक्षात येत नाही, कारण दूरचे डोंगर फारसे सरकतच नाहीत. मान वळवली की सगळे दृश्य आडवे धावते आणि हा लंगडेपणा उघडा पडतो. दोष आधीपासून असतो. हेड ट्रॅकिंग फक्त चुगली करते.

म्हणून ऐकायला विचित्र वाटेल, पण डगमगत्या ४० पेक्षा बांधून दिलेल्या ३० फ्रेम डोळ्यांना गुळगुळीत वाटतात: प्रत्येक चित्राला ठीक दोन ठोके. मॉनिटर जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा, म्हणजे गेमच्या गतीप्रमाणे आपला ठोका बदलणारा असेल तर ही कसरत बहुतांशी वाचते. फ्रेमला मर्यादा घालण्याचा दुसरा फायदा असा की प्रोसेसरला थोडी उसंत मिळते. गेम बंद असताना डोलणारा ऑक्टोपस गेम सुरू होताच अडखळू लागला, तर त्याचा अर्थ हाच असतो: गेमने प्रोसेसर गिळला आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला उपाशी ठेवले. टास्क मॅनेजरमध्ये ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरचे प्राधान्य एक पायरी वाढवून बघा.

आणि त्याची खिडकी मिनिमाइझ करू नका. विंडोज ११ मध्ये मिनिमाइझ केलेल्या किंवा पूर्ण झाकलेल्या प्रोग्रॅमला बारीक टायमर मिळेलच अशी हमी नसते; तो मूळच्या १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर येऊ शकतो. दुसरा मॉनिटर असेल तर ऑक्टोपसला तिथे डोलू द्या.

“आमच्याकडे नेटच स्लो आहे”

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर २०२० साली आल्यापासून हा समज घट्ट झाला, कारण त्यातली जमीन इंटरनेटवरून उतरते. नेट मंद असेल तर कृष्णेचा काठ धूसर दिसेल, सांगलीतली घरे ओळखू येणार नाहीत. तुमच्या मानेचे आकडे मात्र घराबाहेर जातच नाहीत. अपवाद एकच, तोही अर्धाच: फोनचा कॅमेरा वापरून वाय-फायने आकडे पीसीला पाठवणारे. तिथे प्रश्न घरातल्या राउटरचा असतो, नेटच्या पॅकचा नाही. शेजारपाजारच्या राउटरनी गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ वर जा, नाहीतर सरळ यूएसबी केबल लावा.

अर्धा तास छान चालून मग सगळेच अडखळू लागले, आणि महिना मे असेल, तर लॅपटॉपचा तळ हाताने चाचपा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर गेला तरी तेच.

एक राहिलेच. हवेचे धक्के बसल्यासारखे डोके हलवण्याची सोय सिम्युलेटरमध्ये असते. काही जण त्यासाठी वेगळे प्लगइनही टाकतात. ती चालू ठेवून वर ट्रॅकिंग लावले, किंवा दोन ट्रॅकिंग प्रोग्रॅम एकाच वेळी उघडे राहिले, तर एकाच मानेला दोघे ओढतात. भाच्याकडे हेही सापडले. टेबल लॅम्प आणल्यावर अडखळ गेली होती; उरलेली थरथर एक खूण काढताच थांबली.

मागच्या रविवारी त्याने कराडला उतरतानाचे रेकॉर्डिंग पाठवले. नजर अलगद डावीकडे वळली, पंखामागे धावपट्टी दिसली, वळणाबरोबर ती सावकाश समोर आली, कुठे एक धक्का नाही. मग विमान तिच्या टोकावरून तसेच पुढे जाऊन उसात शिरले. खाली त्याचा निरोप होता: “मामा, मान बरोबर होती. स्पीड जास्त झाला.”