बोटीचा काटा चुकीचा दाखवतोय? मीटर बदलण्याआधी १५ मिनिटं द्या



शहापूरला समुद्र नाही, मुरबाडलाही नाही. तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, पण ते मुंबईचं पिण्याचं पाणी, तिथे मोटरबोटीचा धंदा उभा राहत नाही. मग बोटीच्या मीटरवर लेख कशाला? कारण ऑटो इलेक्ट्रिकचं काम शिकणारी आपल्याकडची बरीच मुलं विचारतात, "सर, ट्रॅक्टर-पिकअपच्या पलीकडे काम कुठे मिळेल?" कल्याण-ठाण्याच्या पलीकडे खाडी सुरू होते आणि पुढे वसई, उत्तन, वर्सोवा. मासेमारीच्या कित्येक बोटींत ट्रकच्याच घराण्यातलं डिझेल इंजिन असतं. त्यामुळे हायवेवरच्या ट्रकचा टेंपरेचर मीटर ज्याला कळला, त्याला बोटीचा अर्धा कळलाच. उरलेला अर्धा खाऱ्या पाण्याचा आहे, तो आज बघू.

काटा एकटा नसतो

साध्या काट्याच्या मीटरचे तीन भाग धरा. इंजिनवर बसलेला सेंडर, त्याच्यापासून डॅशबोर्डपर्यंत येणारी वायर आणि डॅशबोर्डवरचा मीटर. सेंडरचा रोध तापमानाप्रमाणे किंवा दाबाप्रमाणे बदलतो आणि त्यावर काटा हलतो. तिघांपैकी कोणीही बिघडलं तरी गिऱ्हाईक येऊन एकच वाक्य बोलतं, "मीटर खराब झालाय." गिऱ्हाईकाने ते बोलावं, आपण लगेच मान डोलवू नये.

सगळ्यात आधी इंजिनाला विचारा

काटा लालमध्ये गेला असेल तर पहिला प्रश्न मीटरचा नाही. इंजिन खरंच तापलंय का? इंजिन बंद करायला सांगा. समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी तुंबलीय का, पाण्याच्या पंपाचा इंपेलर फाटलाय का, बेल्ट सैल आहे का, इंजिन चालू असताना बाहेर पडणारं पाणी नेहमीएवढं होतं का, हे बघा. प्लास्टिकची एक पिशवी जाळीत अडकली तरी इंजिन तापतं. लेझरचा थर्मामीटर घेऊन थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर तापमान मोजा. तिथे गरम आणि काट्यावरही गरम, म्हणजे मीटर खरं बोलतोय. अशा वेळी नवा मीटर बसवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं.

आता तीन तपासण्या

हत्यार फार लागत नाही. एक मल्टीमीटर, वायरचा एक तुकडा, पाना, पक्कड.

१. वीज येते का? चावी चालू, इंजिन बंद. मीटरच्या मागे बहुतेक वेळा आय, एस, जी अशी अक्षरं असतात. आय म्हणजे चावीतून येणारी वीज, एस म्हणजे सेंडर, जी म्हणजे अर्थ. आय आणि जी यांच्यामध्ये बॅटरीएवढे व्होल्ट दिसायला हवेत. दिसत नसतील तर फ्यूज बघा. मग लाल टोक आयवरच ठेवून काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता व्होल्ट आले, तर दोष अर्थच्या वायरीत आहे. एक सावधानता: काही युरोपियन मीटरवर जी हे अक्षर सेंडरसाठी असतं आणि अर्थला वजा चिन्ह असतं. अक्षर बघून घाई करू नका, आकृती बघा.

२. मीटर जिवंत आहे का? टेंपरेचर मीटरची एसची वायर काढा. काटा थंड बाजूला गेला पाहिजे. आता एस आणि अर्थ वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. काटा गरम टोकाला धावला पाहिजे. धावला तर मीटर ठीक आहे, गिऱ्हाईकाचे पैसे वाचले. हलला नाही आणि वीज-अर्थ नीट आहे, तर मीटर गेलाय.

३. वायर की सेंडर? एसची वायर परत लावा. आता इंजिनवर जा, सेंडरवरची वायर काढा आणि क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा. काटा धावला तर वायर चांगली, दोष सेंडरकडे. नाही धावला तर वायर मध्येच कुठेतरी तुटली किंवा कुजली आहे. सेंडरला दोन वायरी असतील तर धातूला टेकवू नका, त्या दोन वायरीच एकमेकींना जोडून बघा.

सेंडरची खात्री करायची तर तो काढा, थर्मामीटरसोबत गरम पाण्यात धरा आणि ओहम मोजा. पाणी तापेल तसा रोध उतरला पाहिजे. एका प्रचलित युरोपियन प्रकारात ४० अंशाला साधारण २९० ओहम असतात आणि १२० अंशाला साधारण २२. आकडा जागेवरच अडकला असेल तर सेंडर बदला.

ही टेकवण्याची युक्ती साध्या काट्याच्या मीटरसाठीच आहे. नव्या इंजिनांत कॉम्प्युटर आणि डिजिटल डिस्प्ले असतो, तिथे वायर टेकवायची नाही. आणि पेट्रोलच्या बोटीत, टाकीजवळ, अशी ठिणगी काढायचीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. आधी झाकणं उघडा, हवा खेळू द्या, वास गेल्याशिवाय चावी लावू नका.

बोटीत नेमकं काय बिघडतं

खारी हवा तांब्याला खाते. वायरचं टोक हिरवं पडलं की त्याचा रोध सेंडरच्या रोधात मिसळतो आणि काटा खोटं दाखवतो. टेंपरेचरच्या बाबतीत हा खोटेपणा धोक्याचा आहे, कारण रोध वाढला की काटा खरं आहे त्यापेक्षा थंड दाखवतो. इंजिन तापतंय आणि काटा म्हणतोय सगळं ठीक.

म्हणून नुसतं घासून परत लावू नका. हिरवा भाग कापा, कथिलाचा मुलामा असलेली बोटीची वायर वापरा, टर्मिनल नीट दाबा, वरून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. इन्सुलेशन टेपवर भागवलं तर एका हंगामात तेच काम परत येईल, आणि फुकट येईल.

दुसरी गोष्ट, एका वायरीचा सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. त्या आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की गळती थांबते, पण अर्थ तुटू शकतो. मग नवा सेंडरसुद्धा "खराब" वाटतो.

बदलायचंच असेल तर जोडी जुळवा

बोट १२ व्होल्टची की २४ ची, हे आधी विचारा. ट्रकचं इंजिन असेल तर २४ असण्याची शक्यता मोठी. मग सेंडरचा प्रकार बघा. डिझेलच्या टाकीच्या सेंडरमध्ये दोन पद्धती नेहमी दिसतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरल्यावर ३३. युरोपियन पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरल्यावर १८०. म्हणजे एकदम उलट! जोडी चुकली तर टाकी भरलेली असताना काटा रिकामं दाखवेल आणि रिकामी असताना भरलेलं. किनाऱ्यावर हा विनोद वाटतो, खोल समुद्रात डिझेल संपल्यावर वाटत नाही.

आता धंद्याचं गणित

समजण्यासाठी आकडे धरू. मीटर १,५०० रुपये, सेंडर ६०० रुपये, दोन्हीवर तुमचं मार्जिन २० टक्के. अंदाजाने दोन्ही बदलले तर गिऱ्हाईकाचे २,१०० गेले आणि तुम्हाला ४२० मिळाले. दोष वायरीत असेल तर काटा अजून खोटंच बोलतोय.

दुसरा रस्ता. तुम्ही तपासलं, कुजलेली वायर सापडली, ८० रुपयांचं सामान लागलं, तपासणी आणि दुरुस्तीचे मिळून ५०० घेतले. तुम्हाला राहिले ४२०. तेवढेच! फरक इतकाच की गिऱ्हाईकाचे १,६०० वाचले, काटा खरा झाला, आणि तो नाखवा शेजारच्या बोटवाल्याला तुमचा नंबर देणार.

म्हणून तपासणीची फी आधी सांगा, तोंडी नको, पावतीवर लिहा. जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्या. कोणत्या तपासणीत काय दिसलं, दोन ओळींत लिहून द्या. बीबीएला आम्हाला सर्व्हिस क्वालिटीवर अख्खा धडा होता, गल्ल्यावर बसल्यावर तो या दोन ओळींत मावतो.

कामाचा हंगामही लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, दुरुस्तीची कामं तेव्हाच निघतात. ओळखी मे महिन्यात करून ठेवा. जुलैच्या शेवटी सगळ्यांनाच घाई असते.

आणि एक गोष्ट पैशांच्या पलीकडची. जो काटा दोनदा खोटा निघाला, त्याच्याकडे तांडेल तिसऱ्यांदा बघत नाही. तिसऱ्यांदा इंजिन खरंच तापलेलं असतं, बोट किनाऱ्यापासून लांब असते आणि बोटीवर खलाशी असतात. आपण त्यांना काट्यावरचा भरवसा विकतोय, हे ध्यानात ठेवून काम करा.

सुरुवात कुठून करायची? उद्या सकाळी गावातल्या ट्रॅक्टरपासून. त्याचा टेंपरेचर मीटर शोधा, मालकाची परवानगी घ्या आणि या तीन तपासण्या वहीत लिहून करा. पाच ट्रॅक्टर झाले की मग खाडीची वाट धरा.